हात दिसू द्या

खिडकीच्या चौकटीत आधी आला तो पट्टा. चेहरा नाही, टोपी नाही, छातीवरचा बिल्लाही नाही. उभा माणूस बसलेल्या माणसाजवळ आला की नजरेच्या पातळीला त्याची कंबरच येते. पेनसिल्व्हेनियातल्या एका हमरस्त्याच्या कडेला लेकीची गाडी थांबवली होती आणि मी तिच्या शेजारच्या सीटवर होते. त्यांच्याकडं स्टिअरिंग डावीकडं, म्हणून मी उजवीकडं, रस्त्याच्या कडेला. भरधाव ट्रकांच्या बाजूनं येण्यापेक्षा हीच बाजू बरी म्हणून तो पोलीस माझ्या खिडकीशी आला. त्याआधी गाडीच्या मागच्या टपावर त्याचा तळहात पडल्याचा आवाज झाला होता. थाप म्हणावी इतकाही मोठा नाही.

काळ्या, रुंद, जड पट्ट्यावर बेड्यांची पिशवी होती, वायरलेस होता, माझ्या बाजूला पिवळ्या मुठीचं टेझर होतं. पिस्तूल मला निम्मंच दिसत होतं, कारण ते पलीकडच्या कमरेला होतं आणि तो सरळ उभाच नव्हता. दाराच्या खांबाच्या जरा मागे, डावा खांदा गाडीकडं आणि उजवा बाहेर, असा तिरका. त्याच्याशी बोलायचं तर लेकीला मान वळवावी लागत होती. होल्स्टरच्या वरच्या टोकाला एक आडवं झाकण होतं आणि झाकणाखालून बाहेर आलेली मूठ. तिच्यावर त्यानं हात ठेवला नव्हता. कोपर मात्र तिला टेकलेलं होतं, आणि अधूनमधून ते किंचित मागे जाऊन पुन्हा टेकत होतं. वस्तू जागेवर आहे ना, हे न बघता तपासण्याची ती सवय असावी. प्रवासात आपण पोटाशी बांधलेले पैसे असेच चाचपतो.

लेकीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, बोटं पसरलेली. "लायसन पर्समध्ये आहे, पर्स मागच्या सीटवर आहे, मी उजवा हात मागे नेते आहे," असं तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, आणि त्यानं "हो" म्हटल्यावरच हात हलवला. घरात हीच मुलगी चार वाक्यं एका दमात बोलते. माझ्या मांडीवर माझी पर्स होती आणि लायसनवरचं काही वाचायचं असेल तर लागणारा चष्मा त्या पर्समध्ये होता. "आई, पर्सला हात लावू नकोस," ती ओठ न हलवता मराठीत म्हणाली.

त्यानं कागद घेतले ते डाव्या हातानं. माझ्या वयाच्या बाईला डाव्या हातानं काही दिलं-घेतलं तर आत कुठं तरी खट्ट होतंच. लहानपणी त्यासाठी चापट खाल्लेली असते. मग लक्षात आलं, उजवा हात त्यानं राखून ठेवला आहे. तो संबंध वेळ रिकामाच होता. अतिशय नम्र माणूस होता, हेही सांगितलं पाहिजे. तुम्ही कुठून आलात, इथली थंडी सोसते का, असं मला विचारून, लेकीला वेगाबद्दल समज देऊन, दंड न करता त्यानं सोडून दिलं. तोंडानं तो एक बोलत होता आणि कमरेपासून खाली वेगळंच काही बोलत होता. दोन्ही खरं होतं.

मला राहून राहून वाटलं ते हे की आपल्याकडं एव्हाना मी गाडीतून उतरून त्याच्यापर्यंत पोचलेसुद्धा असते.

पुण्यात चौकात शिट्टी वाजली की काय होतं, हे आठवून पाहा. पोलीस आपल्याकडं येतच नाही. तो हात करतो, गाडी बाजूला घ्यायला लावतो आणि पाठ फिरवून पुढच्याला अडवायला जातो. फार तर येऊन स्कूटरची किल्ली काढून घेतो, आणि ती बोटात फिरवत परत सावलीत जातो. त्या किल्लीमागे जाणं हे आपलं काम. गाडीतला माणूस असेल तर तो काच खाली करून बसून राहत नाही, बसून राहिला तर "उतरायला काय होतं का?" हे ऐकावं लागतं. उतरायचं, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी काढायची, साहेब बुलेटवर किंवा जीपच्या बॉनेटला टेकून उभे असतील तिथं जायचं, मान थोडी पुढं, हात पोटाशी. पोरंटोरं "मामा, जाऊ द्या ना" म्हणून नातं लावतात. जरा मोठी माणसं छातीवरची नावाची पट्टी वाचतात आणि आडनावावरून गाव काढतात: "साहेब, तुम्ही कराडकडचे का हो?" अटक करताना पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्याच्या निकालात 1996 साली सांगितलं, ते माणसाला जबाबदार धरता यावं म्हणून. आपण त्या पट्टीचा उपयोग पाहुणे शोधायला करतो. आडनावातून गावाबरोबर जातही वाचली जाते, म्हणून 2025 साली बीडमध्ये पोलिसांच्या पट्टीवर नुसती नावं ठेवून आडनावं काढण्यात आली. आमच्याकडं एकमेकांच्या अंगावर काय काय वाचलं जातं याचा एवढा एकच पुरावा पुरे.

आपला पोलीस वाचतो तो चेहरा, कपडे, चप्पल, गाडीचं मॉडेल, बोलीतला हेल. कुणाला "अरे" म्हणायचं आणि कुणाला "अहो", कुणाला खुर्ची द्यायची आणि कुणाला भिंतीशी उभं करायचं, हे त्यावर ठरतं. हातांकडं तो बघत नाही. बघायचं कारणच नसतं. त्या हातात पिस्तूल असण्याचा संभव इतका थोडा. म्हणून खिशात हात घालत, पाकीट चाचपत, "थांबा हं साहेब, इथंच होतं" म्हणत आपण निर्धास्तपणे त्याच्या अंगावर चालून जातो, आणि तो मोबाइलमध्ये बघत उभा असतो.

अमेरिकेत हीच अदब धोक्याची आहे. न सांगता गाडीतून उतरणं, पोलिसाकडं चालत जाणं, कागद आधीच काढून ठेवावेत म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात वाकून हात घालणं, नजर खाली ठेवणं. आपल्याकडं हे सगळं सौजन्य, तिकडं यातली प्रत्येक हालचाल संशयाला जागा. हाताचा तळवा दिसला पाहिजे, बोटं दिसली पाहिजेत. ती दिसत नसतील तर तो माणूस पुरा दिसलाच नाही, असं त्या पोलिसाला शिकवलेलं असतं.

हे शिक्षण आकाशातून पडलेलं नाही. 1970 सालच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथं एका रात्री महामार्ग पोलिसांनी एक गाडी थांबवली. गाडीत दोघं होते आणि दोघंही सशस्त्र. काही मिनिटांत चार पोलीस मेले. चौघंही पंचविशीच्या आतबाहेरचे. त्यानंतर गाडी अडवायची कशी, उभं कुठं राहायचं, कुठली बाजू पुढं ठेवायची, याचं प्रशिक्षणच नव्यानं लिहिलं गेलं. मग 1983 मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी एक साधा प्रयोग मांडला: सुरा घेतलेला माणूस 21 फूट धावत आला तर किती वेळ लागतो? साधारण दीड सेकंद. होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरायलाही तेवढाच वेळ. ट्यूलर यांना विचार करायला लावायचा होता. पुढं त्याचा नियम झाला. 21 फुटांच्या आतला माणूस म्हणजे आधीच पोचलेला माणूस, असं पोलिसांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. खिडकीत आलेला तो तिरका खांदा न्यूहॉलमधून आला होता, टेकलेलं कोपर सॉल्ट लेक सिटीमधून.

शिवाय त्या देशातली पिस्तुलं-बंदुका. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेनं 2018 मध्ये अंदाज दिला होता की अमेरिकेतल्या सामान्य लोकांकडं मिळून 39 कोटी 30 लाख बंदुका आहेत. माणसांपेक्षा जास्त. पोलिसाच्या दृष्टीनं कुठल्याही खिशात काहीही असू शकतं, आणि त्याची भीती खोटी नाही. हे मान्य न करता अमेरिकी पोलिसावर लिहिणं सोपं आहे, पण मला ते प्रामाणिक वाटत नाही.

होल्स्टरवरच्या त्या झाकणाबद्दल मी नंतर एका ओळखीच्या निवृत्त माणसाला विचारलं. त्यानं आयुष्यभर तिकडं पोलिसांना हे सामान पुरवलं. जुनं होल्स्टर चामड्याचं, वर एक पट्टी आणि टिचबटण. ते उघडलं की 'टिच' असा आवाज होई आणि समोरच्याला कळे की गोष्ट कुठवर आली आहे. आताची होल्स्टरं टणक प्लॅस्टिकची. अंगठ्यानं एक खटका दाबायचा, झाकण पुढं फिरवायचं, मगच पिस्तूल वर येतं. हे कशासाठी, तर झटापटीत समोरच्यानं ते हिसकावून घेऊ नये म्हणून. म्हणजे ज्या हत्याराच्या जोरावर पोलीस उभा असतो, त्याच हत्याराला त्याला सतत राखावं लागतं. निःशस्त्र माणसाशीसुद्धा त्याला अंतर ठेवून, अंग चोरून बोलावं लागतं, कारण समोरचा निःशस्त्र असला तरी त्या दोघांत मिळून एक पिस्तूल असतंच. मला हे त्याआधी कधी सुचलं नव्हतं. हत्यार माणसाला बेफिकीर करतं असा माझा समज होता. ते त्याला त्याच्या उजव्या कमरेशी बांधून घालतं.

ही झाली त्याची भीती. तिची किंमत कोण मोजतं, हा पुढचा प्रश्न, आणि तिथं माझी त्याच्याबद्दलची सहानुभूती आटू लागते.

अमेरिकी कायद्यातले दोन गाजलेले निकाल आहेत आणि दोन्ही मुळात देहबोलीचे आहेत. 1963 मध्ये क्लीव्हलंड शहरात एका मुरब्बी डिटेक्टिव्हनं दोघांना एका दुकानासमोर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारताना, काचेतून आत डोकावताना पाहिलं. त्याला दरोड्याचा वास आला. त्यानं त्यांना अडवून वरवर चाचपलं, आणि पिस्तुलं निघाली. त्या दोघांतला एक टेरी; त्याच्या 1968 च्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं: अटकेइतका पुरावा नसला, तरी सांगता येण्याजोगं कारण असेल तर पोलीस माणसाला थांबवून चाचपू शकतो. चालण्याच्या ढंगावरून. त्या दिवशी पिस्तुलं निघाली, म्हणून निकाल आपल्याला पटतो.

दुसरी गोष्ट 1984 मधली, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरातली. ग्रॅहम नावाचा मधुमेही माणूस. साखर उतरतेय असं जाणवल्यावर त्यानं मित्राला गाडी काढायला लावली आणि संत्र्याचा रस घ्यायला तो एका दुकानात घाईनं शिरला. रांग मोठी होती. तेवढा वेळ नाही म्हणून तसाच घाईनं बाहेर आला आणि गाडीत बसला. पलीकडं एक पोलीस होता. त्याला दिसलं एवढंच: माणूस पळत आत गेला, रिकाम्या हातानं पळत बाहेर आला. थोड्याच वेळात ग्रॅहम बेड्यांत होता, त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, आणि त्याला साखरेचा त्रास आहे हे सांगणाऱ्या मित्राचं कुणी ऐकत नव्हतं. आमच्या घरात मधुमेह तीन पिढ्यांचा. साखर उतरली की माणूस कसा घामेजतो, अडखळतो, चिडतो, हे मी रोज पाहिलं आहे. तो अगदी दारूड्यासारखा दिसतो. 1989 मध्ये या खटल्यात न्यायालयानं जी कसोटी घालून दिली ती आजही चालते: पोलिसानं केलेला बळाचा वापर त्या जागी, त्या क्षणी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेनं तपासायचा, मागाहून आलेल्या शहाणपणानं नाही. तोलून मापून केलेला नियम आहे. पण त्यात त्या जागी, त्या क्षणी असलेल्या समंजस मधुमेह्याच्या नजरेला स्थान नाही.

आणि तिसरी गोष्ट तर आपल्या घरातली म्हणावी अशी. 2015 च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात, नातवाला सांभाळायला गुजरातहून नुकतेच आलेले 57 वर्षांचे एक आजोबा सकाळी फिरायला बाहेर पडले. इंग्रजी येत नव्हतं. कुणा शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की एक अनोळखी माणूस घरांकडं बघत हिंडतो आहे. पोलीस आले. आजोबांनी त्यांना येत होते तेवढे दोनचार इंग्रजी शब्द सांगितले, घराकडं हात केला, चालत राहिले, पुन्हा थांबले. पोलीस गाडीच्या कॅमेऱ्यात पुढचं सगळं आहे. एका पोलिसानं त्यांचे हात मागे धरले आणि पाय काढून घेऊन त्यांना तोंडावर आपटलं. मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया करावी लागली, अंगाला अर्धवट लुळेपणा आला. अलाबामाच्या राज्यपालांनी माफी मागितली. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरींचं एकमत झालं नाही आणि 2016 च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याची सुटका केली. "तो हात सोडवू बघत होता असं मला वाटलं," हा पोलिसाचा बचाव होता. म्हातारा माणूस आधारासाठी जरा झुकला, की अंग सोडवू लागला, हे त्या गोठलेल्या सकाळी कुणी आणि कसं ठरवायचं?

न्यू जर्सीतल्या, टेक्ससमधल्या, इलिनॉयमधल्या कुठल्याही वसाहतीत डोळ्यांपुढं आणा आपला एखादा आजोबा. सहा महिन्यांसाठी आलेला. पहाटे चारलाच जाग आलेली. अंगात मुलाचं जुनं जाकीट, डोक्याला माकडटोपी, गळ्याशी मफलर, दोन्ही हात पाठीमागे गुंफलेले, कारण आयुष्यभर सकाळचं फिरणं याच ऐटीत झालेलं. फुटपाथ नाहीच, म्हणून रस्त्याच्या कडेनं. कुणाचा गुलाब छान फुलला असेल तर थांबून बघणार. गॅरेजचं दार उघडं दिसलं तर आत डोकावणार, कारण आमच्याकडं उघडं दार डोकावण्यासाठीच असतं. माझ्या ओळखीतले निम्मे पुरुष असेच चालतात. तिकडच्या पोलिसाच्या नजरेनं पाहिलं तर चेहरा झाकलेला, हात दिसत नाहीत, हेतू कळत नाही, हाकेला उत्तर नाही.

पण एक गोष्ट इथंच सांगायला हवी, नाहीतर फसवणूक होईल. हात कसे दिसू द्यायचे हे शिकून घेतलं, सगळं बिनचूक केलं, तरी भागतंच असं नाही. 2016 च्या जुलैत मिनेसोटात एका शाळेच्या खानावळीत काम करणाऱ्या फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी रस्त्यात थांबवली गेली. त्यानं शांतपणे, आपणहून पोलिसाला सांगितलं की माझ्याकडं पिस्तूल आहे. त्याचा रीतसर परवाना होता. पुढच्या काही सेकंदांत, शेजारी मैत्रीण आणि मागं तिची लहान मुलगी बसलेली असताना, त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी तो पोलीसही सुटला. तिकडच्या कृष्णवर्णीय घरांत मुलगा वयात आला की आईबाप त्याला बसवून सांगतात: हात कुठं ठेवायचे, आवाज किती ठेवायचा, टोपी मागं कधी ओढायची. माझ्या लेकीनं स्टिअरिंगवर पसरलेली बोटं त्याच शिकवणीची उसनवारी होती. फरक इतकाच की आम्हाला ती वाहनपरवान्याच्या अभ्यासाबरोबर जाता जाता मिळाली, आणि त्यांना ती पुरत नाही. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं दरवर्षी हजाराच्या आसपास माणसं मरतात, असं 'वॉशिंग्टन पोस्ट'नं 2015 ते 2024 या वर्षांत ठेवलेल्या नोंदींत दिसतं. त्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी अधिक आहे.

मग आपलं काय? आपला पोलीस बहुधा रिकाम्या कमरेनं फिरतो, हे खरं. त्याची गोष्ट मुळात लंडनपासून सुरू होते. 1829 मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनला पोलीस दिले, तेव्हा लोकांना ते लष्करासारखे वाटू नयेत म्हणून लाल नव्हे, निळा कोट दिला, डोक्यावर उंच हॅट दिली, आणि लाकडी दंडुका ठेवायला कोटाच्या मागच्या शेपटाच्या आत लांब खिसा शिवला. हत्यार होतं, पण दिसायचं नाही. त्याच इंग्रजांनी 1857 नंतर आपल्याला 1861 चा पोलीस कायदा दिला तो लंडनच्या नमुन्यावर नव्हे, आयर्लंडमधल्या निमलष्करी पोलिसांच्या नमुन्यावर. आमच्या वाट्याचा दंडुका शेपटीत लपला नाही. तो लाठी होऊन हातभर बाहेर राहिला. महाराष्ट्रात आजही फौजदाराच्या पदापुढं कंसात 'निःशस्त्र' असं सरकारी कागदावर लिहिलेलं असतं, आणि ते वाचून कुणालाही हायसं वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. फौजदार भेटतो तो टेबलामागे. त्याच्या समोरच्या दोन खुर्च्यांतली एक तुम्हाला मिळते की नाही, तो तुमच्याकडं बघून बोलतो की रजिस्टरमध्ये बघून, तुमचं म्हणणं चालू असताना तो चहा मागवतो का, या गोष्टींनी माणूस जागच्या जागी लहान होतो. त्यासाठी गोळी लागत नाही. आणि जिथं गोळी लागली, तिथंही मुंबई मागं नव्हती. 1982 मध्ये वडाळ्याला गुंड मन्या सुर्वेच्या चकमकीपासून सुरू झालेली ती रांग इतकी वाढली की 2014 साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या खटल्यात चकमकीतल्या मृत्यूंच्या चौकशीचे नियम घालून द्यावे लागले.

त्याच मुंबईत, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे लाठी घेऊन उभे होते. समोरच्या दहशतवाद्याच्या, कसाबच्या, हातात एके-47. ओंबळे मागं सरले नाहीत की आडोशाला गेले नाहीत. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं, पुतळा झाला. त्यांच्या धैर्यापुढं मी काय बोलणार? पण माणसाला त्या हत्यारासमोर लाठी देऊन उभं करणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब त्या पुतळ्यात मिटत नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

2015 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतले काही पोलीसप्रमुख स्कॉटलंडला टुलिअलन इथल्या पोलीस महाविद्यालयात गेले होते, तिथले बहुतेक निःशस्त्र पोलीस सुरे परजणाऱ्या माणसांना कसे आवरतात ते बघायला. तिथं त्यांना दाखवलं गेलं त्यातली पहिली गोष्ट अगदी साधी होती: मागं सरा. दोन पावलं, चार पावलं, लागेल तेवढं. हात उघडे, तळवे समोर, आवाज खाली. आपले तळवे दाखवायची पाळी आधी पोलिसाची. पुढच्याच वर्षी त्या प्रमुखांच्या संघटनेनं बळाच्या वापराची नवी तत्त्वं छापली आणि त्या 21 फुटांच्या नियमाला जुनाट ठरवून बाजूला सारलं. अमेरिकेतल्या पोलीस संघटनांनी त्यावर काहूर उठवलं. आमचे लोक मरतील, असं ते म्हणाले. अंतर वाढलं की दोन्हीकडं वेळ वाढतो, हे गणित त्यांना कळत नव्हतं असं नाही. मागं सरणं त्यांच्या अंगातच नव्हतं.

आपल्याकडं तर मागं सरणारा पोलीस ही कल्पनाच हास्यास्पद वाटेल. रुबाब जातो. खाकीचा सगळा व्यवहार रुबाबावर, आणि तो चालतोही. विसर्जनाच्या रात्री हजारोंच्या लोंढ्यासमोर लाठी आडवी धरून उभा राहिलेला एखादा पोलीस नुसत्या छातीच्या जोरावर रस्ता बंद करतो, ते बघण्यासारखं असतं. पण गेल्या वर्षी त्याच गर्दीत मी एका महिला पोलिसाला पाहिलं. प्यायलेला पोरगा तिच्या तोंडापुढं बोट नाचवत होता, भोवती मोबाइल निघाले होते. ती सरळ दोन पावलं मागं गेली, लाठी काखेत मारली आणि दोन्ही हात मोकळे करून म्हणाली, "बोल, काय म्हणतोस? आईचा नंबर पाठ आहे का तुझ्या?" पोराला पुढं काय बोलायचं ते सुचेना. तिला स्कॉटलंडला कुणी नेलं नव्हतं.

परवा आमचे व्याही आले होते. महिनाभरात शिकागोला धाकट्या लेकाकडं निघालेत, पहिल्यांदाच. हातातल्या यादीवर औषधं, लोणच्याच्या बरण्यांचं वजन, विहीणबाईंसाठी गुडघ्याचा पट्टा. मी त्यांना गाडीतून उतरायचं नाही, माकडटोपी घालून लोकांच्या गॅरेजात डोकवायचं नाही, हात मागं बांधून चालायचं नाही, आणि कुणी वर्दीवाला बोलायला लागला तर हात खिशात घालायचे नाहीत, असं एकेक करून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, यादीच्या खाली काहीतरी लिहिलंसुद्धा.

"ताई, ते ठीक आहे," ते पेन खिशाला लावत म्हणाले, "पण उणे दहामध्ये हात घालायचे कुठं मग?"